हॅचच्या वेळी कोणती माशी, आणि ती बांधायची कशी: ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

हॅच म्हणजे पाण्यातल्या किड्यांना एकदम पंख फुटून ते वर येण्याची वेळ. अशा वेळी पाण्यावर मेफ्लाय नावाचे किडे दिसायला लागले, ते खायला मासे उठायला लागले की भल्याभल्यांचा हात थेट माश्यांच्या, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेल्या नकली किड्यांच्या, डब्याकडे जातो. पाण्याकडे नीट बघायचं राहूनच जातं. तुम्ही आम्हाला आधी बघायला लावलंत आणि मग व्हाइसपुढे, म्हणजे माशी बांधताना गळ पकडून ठेवणाऱ्या चिमट्यापुढे, बसवलंत, त्याबद्दल हे पत्र. मोघम आभार तुम्हाला चालायचे नाहीत, म्हणून काय काय दिलंत ते गळाच्या नंबरांसकट लिहितो आहोत. जाहीर अशासाठी, की नव्याने बांधायला बसलेल्या कुणाच्या हाती पडलं तर त्याच्याही कामी यावं.

तुमचा क्रम असा: आधी अवस्था, मग आकार, मग पाण्यावरची ठेवण, रंग सगळ्यात शेवटी. मेफ्लाय पाण्याखाली निम्फ म्हणून वाढते. वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाच्या पातळ पापुद्र्यापाशी कात टाकते, धुरकट पंखांची डन होऊन उडते. झाडाझुडपांत बसून पुन्हा एकदा कात टाकते आणि पारदर्शक पंखांची स्पिनर होऊन पाण्यावर परतते. पंख फुटल्यानंतर पुन्हा कात टाकणारे कीटक हेच काय ते. बांधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या चार वेगळ्या माश्या आहेत: बुडणारी निम्फ, अर्धी पाण्यात अर्धी वर अशी लटकलेली इमर्जर, उभ्या पंखांची डन, आणि पंख पसरून पाण्यावर चपटी पडलेली स्पिनर. हॅच ऐन भरात असताना डोळ्यांना दिसते ती डन. मासा बहुतेक वेळा खात असतो इमर्जर, कारण कातीत अडकलेला किडा उडू शकत नाही.

मासा काय खातोय हे उठण्यावरून ओळखायला शिकवलंत, ते सगळ्यात मोलाचं. पाठ आणि वरचा पर दिसला पण नाक बाहेर आलं नाही, तर तो पापुद्र्याच्या खालचं उचलतोय. तिथे डन टाकून उपयोग नाही. नाक दिसलं आणि मागे बुडबुडा राहिला, तर वरचं घेतलं. संथ पाण्यात अगदी हलकी, ठराविक लयीत येणारी चुटकी असेल तर स्पिनरचा संशय घ्यावा. शंका असेल तर खरी डन नजरेने धरून ठेवायची आणि ती माशाच्या डोक्यावरून सुखरूप पार होते का ते बघायचं. चार-पाच डन तशाच वाहून गेल्या आणि मासा मात्र उठतोच आहे, तर त्याचं जेवण दुसरंच आहे. मोठ्या, ठळक माश्यांच्या गर्दीत बारीक माश्यांचा हॅच असाच लपून राहतो.

मग जाळी. बारीक विणीची जाळी अर्धी पाण्यात, अर्धी वर अशी प्रवाहाला आडवी धरायची. मिळालेल्या किड्याची लांबी शेपट्या सोडून मोजायची. त्यासाठी फोमच्या पट्टीवर १० ते २२ नंबरचे (नंबर मोठा तितका गळ बारीक) रिकामे गळ टोचून ठेवायची तुमची युक्ती आता आम्हा सगळ्यांच्या खिशात असते. किडा दांडीला लावून बघितला की वाद मिटतो. मेफ्लायच्या प्रकारांपैकी बीटिस बहुधा १८ ते २२ मध्ये बसते आणि प्रौढ माशीला दोन शेपट्या असतात. ट्रायको त्याहून बारीक, २० ते २४, शेपट्या तीन. पेल मॉर्निंग डन १६ किंवा १८, ग्रीन ड्रेक १० किंवा १२. दोन आकारांच्या मध्ये अडलं तर बारीक गळ घ्यावा. नंतर किडा उलटा करून पोट बघायचं, कारण मासा खालून बघतो आणि पोट पाठीपेक्षा फिकं असतं.

रंगाबद्दल तुम्ही बेफिकीर आहात असं काहींना वाटतं, तसं नाही. डबिंग, म्हणजे धाग्यावर वळून माशीचं अंग करायचे मऊ तंतू, कोरडं बघून निवडू नका, थुंकी लावून उजेडात धरा, एवढंच तुमचं म्हणणं, कारण ओलं झालं की ते गडद होतं आणि फिकट ऑलिव्हची पार शेवाळी होते. रंग शेवटी का, याला एक दाखला पुरेसा आहे. लेन हॅलडे यांनी १९२२ मध्ये मिशिगनमध्ये बांधलेली करडी अ‍ॅडम्स कुठल्याही एका किड्याची नक्कल नाही, तरी आजही जगभरच्या डब्यांत आहे. आकार आणि ठेवण जमली की करडा रंग बरंच काही खपवून नेतो.

निम्फवर फार लिहीत नाही. फ्रँक सॉयर यांच्या फेझंट टेल या निम्फमध्ये धागाच नव्हता, तांब्याची बारीक तार हाच धागा आणि तेच वजन. आपण धागा वापरतो, पण तार सोडत नाही. १६ नंबरला फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे पाच-सहा तंतू, २० ला तीन. तार तंतूंच्या उलट दिशेने फिरवायची, म्हणजे ती तंतूंना आडवी बसते आणि माशाच्या दातांनी एक तंतू तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत. हॅचसाठीच्या निम्फवर पंखांची पिशवी काळी किंवा गडद तपकिरी हवी, कारण फुटायच्या बेतात आलेल्या निम्फच्या पिशव्या काळवंडतात. टिपेटला, म्हणजे जिला माशी बांधतात त्या दोरीच्या शेवटच्या बारीक भागाला, माशीपासून वीतभर अंतर सोडून वर ग्रीस लावलं की निम्फ पापुद्र्याखाली थोडीशी खोल लटकते, आणि तीच जागा आपल्याला हवी.

आता मुख्य गोष्ट. कॉम्पॅराडन या माशीचा हरणाच्या केसांचा पंख आणि शेपटीऐवजी टाकलेल्या कातीची नक्कल करणारा झुपका, म्हणजे स्पार्कल डन. ही एक बांधता आली की इमर्जर आणि डन यांच्या मधली सगळी जागा भरून निघते, आणि तुम्ही आमच्याकडून ती जमेपर्यंत दुसरं काही बांधूनच घेतलं नाहीत. १६ नंबरची बांधणी तुमच्या पद्धतीने लिहून ठेवतो.

गळाचा काटा (टोकाजवळचा उलटा दात) आधीच पक्कडीने दाबून घ्यावा. गळ मोडायचाच असेल तर रिकामा मोडू दे. धागा ७० डेनियर. नेढ्यामागे नेढ्याएवढी जागा मोकळी सोडून दांडीच्या मध्यापर्यंत धाग्याचा एक थर द्यावा. उघड्या धातूवर केस घसरतात, आणि पंख नंतर दांडीभोवती फिरतो तो हा थर नसल्यामुळे. केसांचा झुपका पिळून धरल्यावर आगकाडीपेक्षा बारीक दिसला पाहिजे. बुडाशी असलेली लव कंगव्याने पूर्ण काढावी. ती राहिली की स्टॅकरमध्ये (केसांची टोकं जुळवायच्या नळीत) केस सरकत नाहीत आणि टोकं कधीच समान येत नाहीत. स्टॅकर सात-आठ वेळा आपटून टोकं जुळवावीत. पंखाची उंची दांडीएवढी. टोकं नेढ्याच्या पुढे येतील असा झुपका नेढ्यापासून एक तृतीयांश अंतरावर धरावा. पहिले दोन वेढे सैल, तिसरा सरळ वर ओढून घट्ट, मग चिमूट न सोडता आणखी आठ-दहा. चिमूट लवकर सुटली तर पहिल्या घट्ट वेढ्याबरोबर सगळे केस पलीकडच्या बाजूला जातात. मागची बुडखी तिरपी कापावीत, म्हणजे निमुळत्या अंगाचा पाया आपोआप तयार होतो. सरळ कापली तर तिथे पायरी पडते आणि ती कितीही डबिंग घातलं तरी झाकत नाही.

मग केस मागे दाबून पंखाच्या पुढ्यात धाग्याचा बांध घालायचा, पंख स्वतःहून उभा राहीपर्यंत. अंगठ्याने केस दोन्हीकडे पसरून १८० अंशांचा पंखा करायचा. माशीला तरंगत आणि सरळ ठेवतं ते हेच अर्धवर्तुळ, यात हॅकल, म्हणजे गोल गुंडाळायचं पीस, नाहीच. कातीसाठी झेड-लॉन किंवा अँट्रॉन या कृत्रिम तंतूंचे मोजके धागे, लांबी अर्ध्या दांडीपासून पाऊण दांडीपर्यंत. त्यातून पलीकडचं दिसलं पाहिजे. जाड झुपका पाणी पितो आणि माशीचं बूड खाली ओढतो. डबिंग एवढं कमी, की धाग्यावर नुसती रंगाची छटा आल्यासारखं वाटावं. पोट बारीक, पंखाजवळ किंचित भरीव, पंखाच्या पुढे दोन वेढे. व्हिप फिनिशची गाठ चार-पाच वेढ्यांची. नेढ्यात डबिंगचा तंतू शिरला असेल तर तो तिथेच सुईने काढा, पाण्यावर थंड बोटांनी निघत नाही.

बिघडतं कुठे, याची तुमची यादी आम्हाला बांधणीपेक्षाही उपयोगी पडली. माशी कुशीवर पडते, याचा अर्थ पंख लांब झाला किंवा केस जास्त घेतले. टाकताना गरगर फिरून टिपेटला पीळ पडतो, म्हणजे पंखाच्या दोन बाजू सारख्या नाहीत. पंखा उघडतच नाही, तर केसांची काळी टोकं फार लांब आहेत. धागा पोकळ भागाऐवजी भरीव भागावर पडतो आणि केस फुलत नाहीत. उलट, फार पोकळ केस धाग्याखाली एकदम काटकोनात फुटतात आणि पंखाऐवजी कुंचा होतो. पुरतं घट्ट होण्याआधीच धागा तुटतो, तेव्हा दोष ताकदीचा नसून गळाच्या टोकाचा असतो, तिथे घासून धाग्याला चीर पडलेली असते. आणि धाग्याचं रीळ धरणारा बॉबिन अधूनमधून उलटा फिरवून पीळ काढला की धागा चपटा बसतो, डोकं फुगत नाही. हे शेवटचं इतकं साधं आहे की सांगायला कुणी थांबतच नाही.

पाण्यावर उतरणाऱ्या माश्यांसाठी हवा बघायची सवयही तुमचीच. ढगाळ, गार, भुरभुर पावसाच्या दिवशी डनचे पंख लवकर सुकत नाहीत, ती पाण्यावर जास्त वेळ वाहते, आणि तेव्हा उभ्या पंखांची माशी खरोखर चालते. कोरड्या उन्हात ती क्षणात उडते, मग कातीवाली किंवा क्लिंकहॅमरसारखी लटकणारी माशी बरी. हान्स फान क्लिंकेन यांच्या त्या माशीचं सगळं मर्म वाकड्या गळावर आहे: पोट पाण्याखाली, फक्त छाती आणि आडवं हॅकल वर. म्हणून फ्लोटंट (माशी तरंगती ठेवणारा लेप) खांबाला, म्हणजे हॅकल ज्याभोवती गुंडाळतात त्या उभ्या झुपक्याला, आणि हॅकललाच लावायचं, पोटाला लावलं तर माशी आडवी पडून तरंगते आणि सगळी मेहनत वाया. हॅकलचे पाच-सहा वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली. वर चढवत नेले तर ते खांबावरून सुटतात. सीडीसीला मात्र जेल लावूच नये. बदकाच्या तेलग्रंथीजवळची ही पिसं सुट्या तंतूंमध्ये हवा धरून तरंगतात, जेलने ते चिकटतात. भिजली तर कपड्यात दाबून कोरडी करावी आणि सुकवायची भुकटी चोळावी.

स्पिनरसाठी तुम्ही दिलेलं सूत्र: गंजाच्या रंगाचं बारीक अंग, दोन्हीकडे फाकवलेल्या शेपट्या, पांढऱ्या पॉलीचे (कृत्रिम धाग्याचे) पंख इंग्रजी आठाच्या आकाराच्या वेढ्यांनी आडवे बांधलेले, आणि ते विरळ. पंख जाड झाले की माशी उंच तरंगते आणि संथ पाण्यातला मासा तोंड फिरवतो. ही माशी आपल्याला दिसत नाही, म्हणून दिसणाऱ्या माशीच्या गळाला ४० ते ५० सेंटिमीटर टिपेट बांधून मागे सोडायची. बीटिसची मादी अंडी घालायला पाण्याखाली चालत जाते, त्यामुळे तिची स्पिनर बुडवून फिरवणं यात लबाडी काही नाही. टिपेट निवडायला गळाच्या नंबराला तीनने भागायचं: १८ ला सहा एक्स, म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटर जाडीचं. १२ नंबरच्या केसाळ माशीला सहा एक्स लावणाऱ्याचं टिपेट माशी टाकता टाकताच पिळून निघतं.

एका बाबतीत आमचं तुमच्याशी अजून जमलेलं नाही. डन म्हटलं की तुम्ही फक्त हरणाच्या केसांची बांधता. उजेड उतरल्यावर पांढऱ्या खांबाची पॅराशूट अ‍ॅडम्स आम्ही डब्यात ठेवणारच, कारण माशी दिसलीच नाही तर उठलेला मासा आपल्याच माशीवर उठला हे कळायचं कसं? १४, १६ आणि १८, प्रत्येकी चार. त्या बांधतानाही केसांऐवजी पॉलीचा खांब आणि कमी डबिंग हे तुमचंच चालवतो. भिजलेल्या माश्या डब्यात बंद करत नाही, गळ नेढ्यापासून गंजतात. आणि चेपलेलं हॅकल किटलीच्या वाफेवर धरून उभं करतो, चिमट्यात, बोटात नाही.

ताई, तुम्ही वेळ दिलात, साहित्य दिलंत, आणि आमच्या माश्या ब्लेडने कापून तेच गळ पुन्हा हातात दिलेत. या सगळ्याबद्दल मनापासून आभार. २२ नंबरच्या ट्रायकोचं काळं अंग नुसत्या धाग्याचं करावं की डबिंगचं, यावर इथे दोन तट पडले आहेत. सवडीने कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
व्हाइसभोवतीचे आम्ही सगळे