स्वप्नातली मर्सिडीज आणि दारातली फाबिया

श्टुटगार्ट, जर्मनी, ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवाच्या फोनवर ‘मर्सिडीज का घेत नाहीस?’ असे बाबांनी जे दोनदा विचारले आणि आईने जे विचारायचे टाळले, त्याचे नीट उत्तर फोनवर देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मुलगी मर्सिडीजच्या गावात राहते आणि जुनी स्कोडा फाबिया चालवते, हे गल्लीत सांगताना तुम्हाला अवघड होते, हे मला समजले. माझी तब्येत उत्तम आहे, जेवण वेळेवर होते आणि हॉस्पिटलच्या ड्यूट्या तुम्हाला पाठच आहेत, तेव्हा गाडीचेच लिहिते.

बाबा, तुमच्या मनातली मर्सिडीज कोणती हे मला पक्के ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात तीच आहे. बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी आपण स्कूटरवर भिजत थांबलो होतो आणि शेजारी एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांची पांढरी मर्सिडीज येऊन उभी राहिली. तिला एकच वायपर होता. तो काचेच्या कोपऱ्याकडे जाताना लांब व्हायचा, मध्यावर आला की आखूड व्हायचा आणि जवळजवळ सगळी काच पुसून काढायचा. गेट उघडले, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी उद्यमबागेतल्या फौंड्रीत उमेदीची वर्षे घालवलेले तुम्ही त्या वायपरची करामत बघतच राहिलात.

त्या मॉडेलला डब्ल्यू १२४ म्हणतात. इथून जवळच असलेल्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात ती तयार होत असे. १९८४ च्या अखेरीस ती जगासमोर आली आणि १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या (म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात तिची जुळणी सुरू झाली, म्हणजे आपल्याकडे ती नवी म्हणून मिरवू लागली त्याच वर्षी इथे तिच्या जागी पुढचे मॉडेल आले होते. शिवाय आपल्याकडे जी अध्यक्षांची गाडी, ती जर्मनीत फिकट पिवळसर रंगात टॅक्सी म्हणून धावत असे, हे ऐकून तुम्हाला हसावे की रडावे ते कळणार नाही. आता त्या गाड्यांना तीस वर्षे उलटली आहेत. एवढी जुनी गाडी मूळ स्थितीत राखली असेल, तर तिच्या नंबराच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळते, तिची गणना ऐतिहासिक वाहनांत होते आणि वर्षाला सुमारे १९२ युरो ठोक कर बसतो. कराचे एक वेळ जमेल, पण तिला बंदिस्त गॅरेज लागते, गंज चढू नये म्हणून मिठाच्या रस्त्यांपासून जपावे लागते आणि सुटे भाग हुडकत बसावे लागते. हौसेला मोल नसते हे खरे, पण इथे त्या हौसेची दरवर्षी पावती फाडावी लागते.

माझी फाबिया तीन सिलिंडरची आहे आणि सिग्नलला थांबली की किंचित थरथरते, हे तुम्हाला व्हिडिओ कॉलवरसुद्धा ऐकू आले, धन्य आहे! मात्र ‘सेकंडहँड’ म्हणून काळजी करू नये. दर दोन वर्षांनी ब्रेक, दिवे, धूर आणि खालचा गंज तपासून घ्यावा लागतो, आणि पास झाल्यावर मागच्या नंबर प्लेटवर गोल शिक्का चिकटवतात. रविवारी सकाळी सहाच्या ड्यूटीला बस नसते, तेव्हा हीच मला वेळेवर पोचवते.

या महिन्यात मात्र एक प्रकार असतो, जो मला अजून पुरता पटलेला नाही. सगळे लोक आपल्या धडधाकट गाड्यांची चारही चाके काढतात आणि दुसरी चार बसवतात. पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि पकड सुटते, असा त्यांचा हिशेब आहे. हिवाळी टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचे फूल अशी खूण असावी लागते. कायद्यात तारीख नाही, बर्फ किंवा निसरडे असेल तेव्हा असे टायर हवेत एवढेच आहे, तरीही ऑक्टोबर ते ईस्टर ही प्रथा सोवळ्यासारखी पाळली जाते. काढलेल्या चाकांवर ‘पुढचे डावे’, ‘मागचे उजवे’ असे खडूने लिहितात, आणि घरात जागा नसेल तर ती चाके भाडे देऊन गॅरेजवाल्याकडे ठेवतात. मीही ठेवते. म्हणजे चार चाकांची गाडी आणि आठ चाकांचा संसार, असे आहे.

आई, हायवेला वेगाची मर्यादा नसते हे तू कुणाकडून ऐकलेस ते मला कळले आहे. अनेक ठिकाणी ती नसते, पण १३० ची शिफारस आहे आणि मी उजव्या लेनमधून त्याहूनही सावकाश जाते. आपल्या भारतीय लायसनवर इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालवता येते, म्हणून मी लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा नव्याने दिल्या आहेत. हंगामात निपाणीहून बेळगावला येताना मागे दिवा नसलेल्या उसाच्या डबल ट्रॉल्या अंधारात अचानक समोर उभ्या राहतात, त्यापेक्षा इथे भीती कमी आहे. तेव्हा उगीच देव पाण्यात घालून बसू नकोस.

कोल्हापूरच्या स्थळाने मुलीची गाडी कोणती, असे विचारल्याचे मामींकडून कळले. म्युझियमसमोरच्या मर्सिडीजजवळचा माझा फोटो कृपा करून पाठवू नका. स्कोडा आहे, जुनी आहे, कर्ज नाही, एवढे सांगा आणि पुढे ते काय म्हणतात ते बघा.

धाकट्याच्या लग्नाच्या हॉलचे आणि दागिन्यांचे पैसे बाबांच्या खात्यात या आठवड्यात जमा होतील. सुट्टीचे अजून नक्की नाही, नाताळच्या दिवसांत आधी मुलेबाळे असलेल्यांना रजा देतात आणि मी एकटी आहे, पण मी प्रयत्न करते आहे, हे आईला पुन्हा पुन्हा सांगावे. वरातीला मर्सिडीज भाड्याने घ्यायची धाकट्याची इच्छा आहे ना? उधळपट्टी म्हणून त्याला रागावू नका. भाडे मी वेगळे पाठवते, मात्र पुढच्या सीटवर बाबांनी बसायचे, ही माझी अट आहे. रक्कम किती ते त्याने मला परस्पर कळवावे, आणि मागच्या महिन्यात बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीला जे पाठवले होते त्यातून हा खर्च अजिबात करू नये.

तुमची,
थोरली