ताई, तुमच्या वहीतला शेवटचा रकाना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहायचं नाही, कोर्टाचं नाही, तुरुंगाचंही नाही, असं तुम्ही बजावून सांगितलंत. म्हणून हे पत्र, तुरुंगात अडकलेल्या गरिबांना कायद्याची मदत मिळवून देणाऱ्या, नुसत्या 'ताईं'ना. विधी सहाय्य कक्षातल्या त्या बाकावर ज्यांनी तुम्हाला पाहिलंय त्यांना कळायचं ते कळेल. दादा सुटला त्या संध्याकाळी तुमच्याशी धड बोलता आलं नाही. आई रडत होती, रिक्षावाला घाई करत होता, आणि तुम्ही पुढच्या माणसाचे कागद बघायला आत निघूनही गेलात. तेव्हा राहून गेलेलं आज लिहितेय. सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते आमच्या एका घरापुरतं नाही.

नोव्हेंबर २०२३मध्ये दादाला उचललं. साइटवरच्या सेंट्रिंगच्या प्लेटा चोरीला गेल्या होत्या आणि तो तिथे गवंडीकाम करत होता. चोरीचं कलम ३७९, जास्तीत जास्त शिक्षा ३ वर्षं. डिसेंबरात जामीन मंजूर झाला तेव्हा आईनं शेजारी साखर वाटली. जामीन झाला म्हणजे माणूस घरी येतो, एवढंच आम्हाला माहीत. आदेशात मात्र २०,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार मागितला होता. आमची खोली भाड्याची. बाबा गेल्यापासून कुणाच्या नावावर काही नाही. मामांची दीड एकर आहे. ते बिचारे सातबारा घेऊन रात्रभर एसटीनं आले, तर जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून कागद परत. मी तहसीलसमोरच्या दुकानात टायपिंग करते. सॉलव्हन्सीचे, म्हणजे ऐपतीच्या दाखल्याचे, अर्ज रोज माझ्याच हातून जातात. कुठला कागद लागतो ते मला तोंडपाठ होतं, पण ज्याच्या नावानं तो निघेल असं माणूस आमच्याकडे नव्हतं. कोर्टाच्या गेटवर एकानं ८,००० रुपयांत जामीनदार उभा करून देतो म्हणून सांगितलं. आईनं गळ्यातले मणी काढून माझ्या हातात दिलेही होते.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मार्चमधल्या मुलाकातीत जाळीपलीकडून दादा म्हणाला, "मी कबूल करून टाकतो. भोगली तेवढीच शिक्षा देतील आणि सोडतील. माझ्या बरॅकीतल्या एकानं तसंच केलं." त्याचा डावा खांदा सुजलेला होता. पडलास का, विचारलं तर म्हणाला, रात्री एकाच कुशीवर झोपावं लागतं, एकानं कूस बदलली की अख्खी रांग बदलते, म्हणून कुणी बदलतच नाही. जाळीला लावलेला त्याचा हात मला अजून दिसतो. नखांत सिमेंट नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्याची नखं स्वच्छ बघितली.

त्याच दिवशी बाहेर पडताना तुम्ही भेटलात. दादानं चोरी केली की नाही, हे तुम्ही विचारलंच नाहीत. तेव्हा नाही, नंतर कधीही नाही. भेटेल त्याला तेच एक सांगून सांगून आमचा जीव मेटाकुटीला आला होता. तुम्ही विचारलंत, "जामीन झाला ती तारीख सांग." मी सांगितली. तुम्ही बोटांवर महिने मोजलेत आणि म्हणालात, "आठव्या दिवशी मला कळायला हवं होतं." मग तुम्ही सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३चा आदेश वाचून दाखवलात. जामीन मंजूर होऊनही ७ दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर कोर्ट आपणहून अट सैल करायचा विचार करू शकतं. एवढं सगळं लिहून ठेवलेलं होतं. आमच्यापर्यंत ते तीन महिन्यांत आलं नव्हतं.

कबुलीचा विषय निघाला तेव्हा तुमचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला. दोषी ठरल्याचा शिक्का आयुष्यभर पुसला जात नाही, आणि गेटवरचा जामीनदार खोटा निघाला तर आणखी एक गुन्हा डोक्यावर, असं तुम्ही आईला समजावलंत. मणी परत गळ्यात गेले. अट कमी करण्याचा अर्ज तुम्ही प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांकडून करून घेतलात, तारखेला स्वतः हजर राहिलात. एप्रिलमध्ये दादा नुसत्या जातमुचलक्यावर बाहेर आला. केस चालूच आहे, तो तारखांना जातो.

त्यानंतर तुमची वही माझ्याकडे आली. "टायपिंग येतं ना, मग हे एक्सेलमध्ये घे," म्हणालात. दर शनिवारी मी येऊ लागले. नाव, कलम, आत आल्याची तारीख, जामिनाची तारीख, सुटल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना: न सुटण्याचं कारण. त्या रकान्यात तुमच्या बारीक अक्षरात तीच तीच वाक्यं. 'जामीनदार नाही.' 'पत्ता परराज्यातला, घरी कळलेलं नाही.' 'दुसऱ्या केसमध्ये जामीन बाकी.' 'पोलीस पार्टी मिळाली नाही, तारखेला नेलं नाही.' 'वकील कोण ते माहीत नाही.' 'साक्षीदार आला नाही.' पहिल्या शनिवारी मी विचारलं होतं, तुरुंगात एवढी गर्दी म्हणजे गुन्हे फार वाढले का हो? तुम्ही म्हणालात, एसटी स्टँडवर गर्दी दिसली तर आधी फलाटाकडे बघायचं. गाव तेवढंच असतं, गाडी सुटलेली नसते.

मग तुम्ही हिशेब मांडून दाखवलात. रोज १० माणसं आत येतात आणि प्रत्येक जण ३० दिवस राहतो, तर आत कायम ३०० माणसं. तीच १० माणसं ६० दिवस राहिली तर ६००. शहरात एकही चोरी जास्त झालेली नाही आणि तुरुंग दुप्पट. किती आले आणि किती दिवस राहिले, या दोनच आकड्यांचा गुणाकार. पेपरात पहिला आकडा येतो. दुसरा तुमच्या वहीत होता.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल तुम्ही दाखवलेत, ते मी दुकानात बसून पुन्हा पुन्हा वाचले. २०१२च्या अखेरीस देशात शिक्षा झालेले, म्हणजे पक्के कैदी होते १,२७,७८९. दहा वर्षांनी, २०२२मध्ये, १,३३,४१५. जवळपास तेवढेच. आणि खटला चालायचाय असे कच्चे कैदी २,५४,८५७ वरून ४,३४,३०२ वर गेले. जवळपास सगळी वाढ इथे आहे. दोष ठरलेली माणसं फारशी वाढलेली नाहीत, ठरायची वाट बघणारी वाढलीत. आपल्या महाराष्ट्रात २०२२ला सुमारे २५ हजारांच्या जागेत ४१ हजारांच्या आसपास माणसं होती, त्यातले ३२,८८३ कच्चे. पाचातले चार. दादा त्या चारांतला, हे समजल्यावर मला विचित्र दिलासा मिळाला. आमच्या घराचं काहीतरी चुकलं म्हणून तो अडकला, असं आई तोवर मानत होती.

नवे तुरुंग बांधले की प्रश्न सुटेल, असं मीही म्हणाले होते. तुम्ही तोच अहवाल उलटा धरलात. २०१२मध्ये देशातल्या तुरुंगांची क्षमता ३,४३,१६९ होती आणि ते ११२ टक्के भरलेले होते. २०२२पर्यंत क्षमता ४,३६,२६६ झाली, आणि तुरुंग १३१ टक्के भरले. ९३ हजार जागा वाढवूनही गर्दी वाढलीच. बरॅका हव्यात, माणसाला पाठ टेकायला जागा हवीच, दादाचा खांदा बघितल्यावर त्याला मी नाही कशी म्हणू? पण फलाट वाढवून गाडी सुटत नाही.

कोरोनात मात्र गाडी सोडून बघितली गेली. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कुणाला सोडता येईल ते ठरवायला राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितल्या. महाराष्ट्रात तात्पुरता जामीन आणि आपत्कालीन पॅरोल मिळून १० हजारांहून अधिक कैदी बाहेर आले. कायदा तोच, इमारती त्याच, काही महिन्यांत तुरुंग हलके झाले. मात्र कोर्टं मंदावली होती, खटले थांबले होते, त्यामुळे देशभरात त्याच वर्षी कच्चे कैदी सुमारे ३ लाख ३३ हजारांवरून ३ लाख ७२ हजारांवर गेले. आणि दोन वर्षांत आपल्याकडेही गर्दी परत आली. हे वाचताना मी तुम्हाला विचारलं होतं, मग उपयोग काय झाला? तुम्ही म्हणालात, करता येतं हे तरी दिसलं.

आत येणारा आकडाही काही आभाळातून पडत नाही, हे तुम्हीच दाखवलंत. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, कारण लेखी द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सांगितलंय. दादाचं कलम ३ वर्षांचं. नोटीस देऊन बोलावलं असतं तर तो गेला असता. तो कुठे पळणार, साइटवरच राहत होता.

सगळ्यात खोलवर बसला तो मोती राम. तुम्ही ती गोष्ट सांगितलीत तेव्हा मी टायपिंग थांबवलं होतं. मध्य प्रदेशातला गवंडी. सर्वोच्च न्यायालयानं सोडा म्हटलं, तर खालच्या कोर्टानं १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली. १९७८ साल. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं आणि जिल्ह्याबाहेरचा म्हणून जामीनदार नाकारणं चुकीचं ठरवलं. म्हणजे माझे मामा सातबारा घेऊन रात्रभर एसटीत बसले, त्याच्या ४५ वर्षं आधीच त्यांचा निकाल लागलेला होता! मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तो कागद मला झेरॉक्स करून दे. त्यांनी तो सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलाय.

दादा सुटल्यानंतर नियम बदललेत ते तुमच्या सांगण्यावरून मी दुकानात भिंतीवर चिकटवलेत. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-जामिनाच्या नव्या कायद्याचं, कलम ४७९ लागू आहे. कैदी आधी कधीही दोषी ठरलेला नसेल आणि त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडायचं. इतरांना निम्मा काळ. ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे जुन्या खटल्यांनाही लागू केलं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते नाही, आणि एकाहून जास्त केसेस असतील तर नाही. ही शेवटची अट मला खटकते, कारण तुमच्या शेवटच्या रकान्यात 'दुसऱ्या केसमध्ये जामीन बाकी' किती पानांवर आहे ते मी टाइप केलंय. जामिनाच्या रकमेसाठी गरीब कच्च्या कैद्याला आणि दंडासाठी पक्क्या कैद्याला मदत देणारी केंद्राची योजनाही २०२३पासून आहे; सुरुवातीला तिची मर्यादा अनुक्रमे ४०,००० आणि २५,००० रुपये होती. काही कडक कायद्यांतले गुन्हे तिच्यात बसत नाहीत. बाकीच्यांसाठी प्रस्ताव जिल्ह्याच्या समितीपुढे कुणीतरी न्यावा लागतो. ते 'कुणीतरी' आमच्या जिल्ह्यात बहुतेक वेळा तुम्ही असता.

सॉलव्हन्सीचा अर्ज टाइप करायला आता कुणी आलं की मी हळूच विचारते, कुणासाठी? जामिनासाठी म्हणाले तर जामिनाची तारीख विचारते. परवा एक आजी आल्या होत्या, नातवाचा जामीन होऊन दोन महिने झालेले. विधी सेवा प्राधिकरणात कुठल्या खोलीत जायचं ते त्यांना कागदावर काढून दिलंय. त्या तुमच्याकडे येतील. हिरवं लुगडं, कानांनी कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं बोला.

दादा तुम्हाला नमस्कार सांगतो. तो आता दुसऱ्या साइटवर लागलाय. आईनं तुमच्यासाठी तिळाची चटणी करून ठेवलीय, ती शनिवारी घेऊन येते. वहीची ऑगस्टपासूनची पानं टाइप व्हायची राहिलीत, आणि दोन ठिकाणी तारीख वाचता येत नाहीये. तेवढं बघून ठेवा.

तुमची,
एका कच्च्या कैद्याची बहीण