'एअरप्लेन!' आता पाहिला तर

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारी ठाण्यात धो धो पाऊस, म्हणून घरीच मुलीला १९८०चा 'एअरप्लेन!' हा इंग्रजी विनोदी सिनेमा दाखवला, कॉलेजात असताना आम्ही व्हीसीआर भाड्याने आणून हा बघताना अक्षरशः लोळलो होतो. ती मात्र बऱ्याच ठिकाणी गप्प. म्हटलं बरोबर आहे, ज्याची टर उडवलीय तो १९५७चा 'झीरो अवर!' तिने कुठे पाहिलाय, पण खरं सांगू का, मी तरी कुठे पाहिला होता! तरी हसलोच ना. कारण लेस्ली नीलसन, तोवर गंभीर रोल करणारा माणूस, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता वाट्टेल ते बोलतो, तिथे मुलगीही फुटली. पण कॉकपिटमध्ये आलेल्या लहान मुलाला कॅप्टन जे चावट प्रश्न विचारतो ना, तेव्हा आम्ही टाळ्या दिल्या होत्या, आता मी रिमोट शोधत होतो. काळ्या प्रवाशांच्या बोलीवरचा जोकही तिला खटकला, मला तो अजून आवडतो, त्यावरून जरा वाजलं आमचं.

रात्री पापलेट वाढलं तर म्हणते, नको बाबा, सिनेमातला पायलटही मासे खाऊनच आजारी पडला होता.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे