ओवीच्या शाळेच्या गेटावर जाण्याआधी

कोथरूड, पुणे
१० मे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न.

ओवीच्या शाळेचं नियमपुस्तक वाचून बाबांचा पारा चढला, हे फोनवरच कळलं. ‘शाळा आहे की तुरुंग’ हे तुमचं वाक्य मी ऑफिसात रोज ऐकते. मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते, तिथले पालकही हेच म्हणतात, फक्त खिडकीच्या पलीकडून. जूनपासून पहिलीत जाणाऱ्या ओवीला शाळेत सोडायचं-आणायचं तुमच्याकडे येणार, म्हणून यातलं काय मुकाट पाळायचं आणि कुठे गप्प बसायचं नाही, ते सविस्तर लिहिते.

आधी गेट. मूल न्यायला आलेल्या माणसाकडे फोटोचं पिकअप कार्ड लागतं. आपल्याला तीन मिळतील: आईचं, बाबांचं आणि एक आमच्याकडे. कार्ड नसेल तर मूल मिळणार नाही, मग वॉचमन तुम्हाला रोज ‘नमस्कार आजोबा’ म्हणत असला तरी. बाबा, यात अपमान मानू नका. वॉचमन एजन्सीचे असतात, अधूनमधून बदलतात. शिवाय आईवडिलांचा ताब्यावरून वाद चालू असलेली मुलं आता बहुतेक शाळांत असतात, तिथे ओळखीचा चेहराच धोक्याचा ठरू शकतो. कार्ड विसरलं तर गेटावर हुज्जत न घालता ऑफिसात जायचं आणि नोंदवलेल्या नंबरवर फोन लावायला सांगायचं. दहा मिनिटांत काम होतं. शेजारच्या काकूंना पाठवायचं असेल तर सकाळीच डायरीत त्यांचं नाव लिहून खाली सही हवी, दुपारी केलेला फोन चालत नाही. कार्ड मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवा. स्कूटरच्या डिकीत ठेवलं की ज्या दिवशी रिक्षाने जाल नेमकं त्याच दिवशी ते घरी राहील.

वेळेचं म्हणाल तर पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा आदेश ८ फेब्रुवारी २०२४ चा आहे. ओवीची शाळा नऊचीच आहे. पण गेट नऊच्या ठोक्याला बंद होतं, कारण लगेच परिपाठ सुरू होतो. पावसाळ्यात कर्वे रोडचा भरवसा धरू नका, साडेआठला घर सोडा. स्कूटरवर ओवीला हेल्मेट हवंच. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे यावर शाळेशी वाद घालण्यात अर्थ नाही. उशीर झालाच तर डायरीत शेरा येईल, येऊ दे. मात्र पहिलीतलं मूल गेटावरून परत पाठवायला लागले तर ‘हे डायरीत लिहून द्या’ एवढंच म्हणायचं. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक वेळा गेट उघडतं.

दप्तराबाबत मात्र नियम आपल्या बाजूचा आहे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत हवं, पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो. ओवी वीस किलोची आहे, म्हणजे दोन किलो. आता हिशेब बघा: रिकामं दप्तर अर्धा किलो, पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची स्टीलची बाटली साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, भरलेला स्टीलचा डबा साडेतीनशे. वह्या-पुस्तकांआधीच दीड किलो झालं! पुस्तकांना उरतं ते अर्धा किलो. म्हणून बाटली अर्धीच भरा, शाळेत फिल्टर आहे आणि पुन्हा भरून घ्यायला हरकत नाही, हे मी विचारून घेतलंय. रात्री वेळापत्रक बघून नको ती वही बाहेर काढायची. बाबांनी दप्तर घेऊन आणि न घेता वजनकाट्यावर उभं राहायचं, वजाबाकी म्हणजे ओझं. सलग आठवडाभर दोन किलोच्या वर जात असेल तर तारखांसह आकडे कागदावर लिहून ठेवा. ‘दप्तर फार जड आहे’ या तक्रारीला उत्तर नसतं, ‘सोमवारी २ किलो ७००’ याला द्यावं लागतं. त्याच धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही असंही आहे, तेव्हा वहीत दोन पानं आली तर आई, तू रात्री तिच्या मागे लागू नकोस.

डब्याचे नियम वाचून हसू येईल. बिस्किटं, चिप्स, मॅगी बंद, हे बरंच आहे. अंडं बंद, हे मला पटत नाही, पण डब्यावरून भांडायला मी तयार नाही, अंडं घरी खाऊ दे. खरी अडचण वेळेची आहे. मोठी सुट्टी वीस मिनिटांची, त्यात हात धुवायची रांग. सहा वर्षांचं मूल तेवढ्यात दीड लहान पोळीच्या वर खात नाही. पोळीचा रोल करून चार तुकडे कर, भाजी कोरडी हवी. पातळ भाजीचं तेल डायरीला लागलं की बाईंचा शेरा डायरीलाच येतो. साबुदाण्याची खिचडी नको, गार झाली की गोळा होतो. घट्ट झाकणाचा डबा तर मुळीच नको: लहान बोटांना उघडत नाही, बाईंना सांगायची लाज वाटते आणि डबा भरलेला परत येतो. नवा डबा आधी तिच्याकडून घरी दहा वेळा उघडवून घे.

गणवेशात एकच खोच आहे, मेंदी. हातावर मेंदी चालत नाही, आणि नागपंचमीला तुझा हात कोनाकडे जाणार हे मला ठाऊक आहे. रंग आठ-दहा दिवस राहतो. सुट्टी सलग नसेल तर पायांवर काढ, मोज्यात झाकते. राखी दुसऱ्या दिवशी उतरवून ठेवा.

हे सगळं सोसण्यासारखं आहे. पण तास चालू असताना लघवीला सोडायचं नाही हा नियम, नियमपुस्तकात असो वा एखाद्या बाईंचा स्वतःचा, सोसायचा नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण २४० मिली मावतं. नऊला शाळेत गेलेलं मूल पहिल्या सुट्टीपर्यंत थांबेलच असं नाही. न सोडण्याचा परिणाम वर्गात ओलं होण्यापेक्षा वाईट असतो, कारण मुलं हुशारीने पाणी पिणंच बंद करतात. मग जळजळ, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ. म्हणून आई, रोज घरी आल्यावर पहिल्यांदा बाटली बघ. अर्धी दिलेली तशीच परत आली, ओवी बूट न काढता बाथरूमकडे पळाली किंवा चड्डी जराशी ओलसर असली, तर त्याच दिवशी मला सांग. तिला ओरडू नका, विचारपूसही घाबरवून करू नका.

दुसरं शिक्षेचं. बाबा, तुमच्या झेडपीच्या शाळेत छडी कोपऱ्यात असायची, त्यावर आपण वाईला आलो की भांडू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमलात आला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत. चापट तर त्यात येतेच, पण वर्गाबाहेर उभं करणं, डबा खाऊ न देणं, इतर मुलांना हसायला लावणं हेही साधं समजू नका. ‘पुन्हा असं झालं तर दाखला हातात देऊ’ ही धमकी ऐकून घाबरू नका. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, काढून टाकायची नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं. ओवीची शाळा त्यात येत नाही.

अशा वेळी करायचं काय? पहिल्यांदा वर्गशिक्षिकेला डायरीत दोन ओळी. तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर मुख्याध्यापिकांना अर्ज. मजकूर एवढाच पुरे: ‘अमुक तारखेला माझ्या पाल्याला तासिकेदरम्यान स्वच्छतागृहात जाऊ दिले गेले नाही. हा शाळेचा नियम असल्यास त्याची लेखी प्रत मिळावी. नसल्यास वर्गाला तशी सूचना द्यावी व केलेली कार्यवाही आठ दिवसांत कळवावी.’ राग, विशेषणं, बाईंच्या स्वभावाबद्दल काही नको. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आवक क्रमांक नसलेला कागद कुठे जातो, ते या नोकरीत मला चांगलं ठाऊक आहे. त्यानेही हललं नाही तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जाता येतं. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, तो पटला नाही तर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. पण अर्जावर सही आमचीच लागेल, तुम्ही फक्त तारखा टिपून ठेवा. आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काहीही टाकू नका. तिथला मजकूर संध्याकाळपर्यंत बाईंकडे पोचतो आणि अर्जाआधीच सगळे सावध होतात.

कार्डांसाठी दोघांचे प्रत्येकी तीन पासपोर्ट फोटो आणि आधारची प्रत घेऊन या. बाबा, फोटो चष्मा लावून काढा, गेटावर तुम्ही चष्म्यातच असणार.

तुमची,
मुक्ता