एल-३९ घेण्याआधी वाच

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो परवा मिळाला. हँगरच्या दारातलं ते लाल-पांढरं एल-३९, लष्करी वैमानिकांना शिकवायचं जुनं जेट, आणि त्याच्या पंखावर हात ठेवून उभा असलेला तू. ते हसू मी ओळखतो. डोक्यावरून जेट गेलं की तू गणिताचा तास सुरू असतानाच व्हरांड्यात पळायचास आणि परत येऊन मुकाट्याने छड्या खायचास, तेव्हाही असाच हसायचास. फोटो मी टेबलावर उभा करून ठेवलाय.

तू लिहितोस, "चौघांत मिळून घेतोय, विमान उत्तम आहे, किरकोळ कामं आहेत, तुझा होकार आला की पैसे भरतो." नाना, त्या 'किरकोळ कामं' या दोन शब्दांनी माझी झोप गेली. म्हणून सविस्तर लिहितोय. रागावू नकोस, आणि शेवटपर्यंत वाच.

आधी एक स्पष्ट सांगतो. निवृत्त लष्करी विमानं संग्रहालयात दोरी लावून उभी करावीत, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. उभं विमान आतून मरतं. सील सुकतात, टाक्यांच्या तळाशी पाणी साचतं, सांध्यांत गंज शिरतो. उडणाऱ्या विमानाकडे रोज कुणीतरी बघत असतं. आणि जगात आज जी जुनी विमानं उडतात, त्यातली बहुतेक खाजगी माणसांनी वाचवली आहेत, सरकारांनी नव्हे. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत विमानं भंगाराच्या भावाने गेली. पॉल मांट्झ नावाच्या वैमानिकाने १९४६ मध्ये एकदम ४७५ विमानं ५५ हजार डॉलरला उचलली. बाकीची हजारो वितळवून ॲल्युमिनियमच्या लगडी केल्या.

लिबरेटरची गोष्ट तुला मी मागे फोनवर अर्धवट सांगितली होती, आज पुरी करतो. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी कानपूरला बी-२४ लिबरेटर बॉम्बर सोडले, तेही पुन्हा उडू नयेत म्हणून मोडतोड करून. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्याच सांगाड्यांतून विमानं उभी केली, आपल्या वायुसेनेने ती १९६८ पर्यंत चालवली. त्यातलंच एक पुढे इंग्लंडमार्गे अमेरिकेत एका खाजगी संस्थेकडे गेलं. त्यांनी कित्येक वर्षं खपून ते सुटं केलं, जोडलं आणि १९८९ मध्ये पुन्हा आकाशात नेलं. ज्या रिव्हेटवर आपल्या माणसांनी हातोडा मारला असेल, त्यातली एखादी तरी त्या विमानात असेलच, या विचाराने मी किती वेळा सुखावलोय. तेव्हा, उडवू नकोस, असं मी म्हणणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. सेना विमान विकते तेव्हा फक्त विमान विकते. त्याच्याभोवतीची माणसं विकत नाही.

तू मला गणवेशात पाहिलंस ते सुट्टीवर. कामावर कधी पाहिलं नाहीस, म्हणून एक रात्र सांगतो. मी तेव्हा इस्क्रा जेट ट्रेनरवर इंजिन फिटर होतो. संध्याकाळी काम आटोपलं, हत्यारं बोर्डावर लावली. तुला माहीत असेल, बोर्डावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, म्हणजे जागा रिकामी राहिली की लगेच दिसते. त्या दिवशी एक जागा रिकामी होती. बोटाएवढा आखूड स्क्रूड्रायव्हर. वॉरंट ऑफिसर साहेबांनी हँगरची दारं लावून घेतली. कुणी घरी गेलं नाही. आम्ही सात जणांनी फरशी झाडली, कचऱ्याचे डबे उलटे केले, एकमेकांचे खिसे तपासले. शेवटी दोन विमानांची नुकतीच बसवलेली पॅनेलं पुन्हा उघडली. रात्री दीडच्या सुमारास एकाने इंजिनाच्या कप्प्यात आरसा आणि टॉर्च धरला आणि म्हणाला, "साहेब, दिसला." थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला लागून, एका पाइपखाली तो आडवा पडला होता. अजून थोडा सरकला असता तर दांडा अडला असता. ते विमान पहाटे उडायचं होतं, एक शिकाऊ पोरगा घेऊन.

स्क्रूड्रायव्हर मीच विसरलो होतो. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली. इतक्या वर्षांनीही त्याचा थंडगार स्पर्श हाताला आठवतो. मला त्या रात्री वाचवलं ते माझ्या हुशारीने नाही, तर मोजणाऱ्याने, दार लावणाऱ्याने आणि आरसा धरणाऱ्याने. तुझ्या हँगरमध्ये ही तिघं कोण असणार, नाना? तुम्ही चौघं भागीदार आणि आठवड्यातून दोनदा येणारा एक मेकॅनिक. संध्याकाळी बोर्ड कोण मोजणार?

हे फक्त हौशी लोकांचं नाही. इंग्लंडच्या व्हल्कनचं उदाहरण घे. एक्सएच५५८ हे बॉम्बर १९९३ मध्ये एका कुटुंबाने विकत घेतलं. लोकांच्या वर्गणीतून आणि लॉटरी फंडाच्या मदतीतून ते २००७ मध्ये पुन्हा उडालं. कामाला तज्ज्ञ, मागे मूळ कंपन्या. तरी २०१२ मध्ये ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या इंजिनात हवा शिरते त्या तोंडात राहून गेल्या आणि उड्डाणासाठी जोर देताच एका बाजूची दोन्ही इंजिनं खलास झाली. माझा स्क्रूड्रायव्हरच तो, दुसऱ्या रूपात. पुढे २०१५ मध्ये ज्या कंपन्यांच्या तांत्रिक आधारावर ते उडत होतं, त्यांनी तो काढून घेतला, आणि ऑक्टोबरात शेवटचं उड्डाण करून ते कायमचं जमिनीवर आलं. विमान धडधाकट होतं. माणसं संपली होती, ज्यांना ते पूर्ण कळत होतं.

दुसरं उदाहरण लिहिताना जीव जड होतो, कारण संस्था तीच आहे, लिबरेटरवाली. त्यांचं 'नाईन-ओ-नाईन' हे बी-१७ बॉम्बर पैसे घेऊन लोकांना फिरवून आणायचं. २ ऑक्टोबर २०१९ ला कनेक्टिकटच्या ब्रॅडली विमानतळावरून उडालं, एका इंजिनाने कुरकुर केली, ते परत वळलं आणि धावपट्टीवर नीट उतरू शकलं नाही. ७ माणसं गेली, त्यात ५ प्रवासी. चौकशीत निघालं की इंजिनांची देखभालच धड नव्हती. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोंपैकी एकाची सुटलेली तार नुसत्या लॉकवायरने, म्हणजे बोल्ट जखडायच्या बारीक तारेने, बांधून ठेवली होती. आणि विमान चालवणारा वैमानिकच देखभालीचाही प्रमुख होता. मला सगळ्यात जास्त तेच खुपलं. ज्याला आज उडायचंच आहे त्यानेच 'उडायला योग्य' अशी सही करायची? आमच्याकडे सही करणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि सही असल्याशिवाय वैमानिक शिडीवर पाय ठेवत नसे. तू एल-३९ च्या बाबतीत नेमकं हेच करायला निघालायस. "सगळं मीच बघणार" असं तू अभिमानाने लिहिलंयस. ते वाक्य खोडून टाक.

आता तुझ्या विमानाबद्दल. निवड वाईट नाही. चेकोस्लोव्हाकियात ते १९६८ मध्ये पहिल्यांदा उडालं, पुढे २,९०० च्या आसपास बनली, निम्म्या जगाचे वैमानिक त्यावर शिकले. सुटे भाग मिळतात, जाणकार मिळतात. पोटातलं छोटं सफायर टर्बाइन आधी शिटीसारखं चढतं, मग त्याच्या हवेवर मोठं इंजिन फिरायला लागतं. तो आवाज ऐकून तू वेडा होणार हे मला ठाऊक आहे. पण त्या इंजिनाचा स्वभाव सावकाश आहे. आयडलवरून, म्हणजे नुसतं चालू ठेवलेल्या इंजिनाला, पूर्ण जोर यायला नऊ-दहा सेकंद लागतात. तुझ्या पंख्याच्या विमानात थ्रॉटल पुढे केला की लगेच ओढ जाणवते. उतरताना वेग पडलाय हे उशिरा लक्षात आलं तर इथे तेवढा वेळ मिळत नाही. नऊ सेकंद डोळे मिटून मोजून बघ म्हणजे कळेल.

खर्चाचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. विमान विकत घेणं हा त्यातला स्वस्त भाग. कमी उंचीवर उडवलंस तर तासाला पाचशे-सहाशे लिटर इंधन पिणार. बाकीचा हिशोब तुमचा तुम्ही करा.

तुला बहुतेक अमेरिकेतलं 'एक्सपेरिमेंटल एक्झिबिशन' गटातलं, म्हणजे फक्त प्रदर्शनांसाठी उडवायचं प्रमाणपत्र मिळेल. त्यात पैसे घेऊन कुणाला बसवता येत नाही, आणि कुठल्या प्रदर्शनांना जाणार हे दरवर्षी लिहून द्यावं लागतं. लोक या अटींना कटकट म्हणतात. मला त्या कमीच वाटतात, कारण शोरहॅम. २२ ऑगस्ट २०१५, इंग्लंडमधलं एअर शो. खाजगी मालकीच्या हॉकर हंटर या जुन्या लढाऊ जेटने लूप, म्हणजे आकाशात उभा गोल घेतला, वर पुरेशी उंची मिळाली नव्हती, आणि ते शेजारच्या ए-२७ रस्त्यावर कोसळलं. ११ जण गेले. त्यातलं कुणी विमानात नव्हतं. आपल्या रस्त्याने आपल्या कामाला चाललेली माणसं. वैमानिक वाचला. अवशेषांत इजेक्शन सीटची, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटची, स्फोटकं होती, म्हणजे मदतीला धावलेल्यांच्याही जिवाला धोका. यानंतर तिथे समुद्र सोडून जमिनीच्या वर जुन्या जेटच्या कसरतींना बंदी आली, फक्त सरळ उडत जायची मुभा राहिली. काही मालक चिडले. मी मात्र बंदीच्या बाजूने आहे. तुझा जीव तुझा आहे, त्याबद्दल मी तुझ्याशी भांडेन, पण शेवटी तो तुझा. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्याने तुझ्या हौशीला होकार दिलेला नाही.

नीट करणारेही आहेत. आर्ट नॉल्स हा अमेरिकन मरीनचा निवृत्त टेस्ट पायलट, हॅरियर, म्हणजे उभ्याने उतरू शकणारं लढाऊ जेट, उडवलेला. त्याने ब्रिटिश नौदलाचं सी हॅरियर विकत घेऊन २००७ मध्ये उडवलं. दुसऱ्याच उड्डाणात हायड्रॉलिकने, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेने, दगा दिला, नाकाचं चाक उतरेना, आणि त्याने ते विमान उभंच्या उभं खाली आणलं. हॅरियर त्याच्या हाडात मुरलेलं होतं म्हणून ते जमलं. तुझ्या खात्यावर जेटचा एक तास नाही, नाना.

म्हणून माझा होकार असा आहे. पैसे आत्ता भरू नका. आधी एल-३९ वर शिकवणाऱ्याकडे जा आणि तो म्हणेल तितके तास मागच्या-पुढच्या सीटवर बस, मग ते वर्ष असो. चौघांपैकी एकाने उडवायचं सोडून फक्त देखभालीचा जाब विचारायचं काम घ्यावं, आणि त्याचा 'नाही' म्हणजे नाहीच. हत्यारांचा बोर्ड रंगवा. मी स्वतः येऊन रंगवून देईन, तिकीट माझं.

आणि सीटचं. तू लिहिलंयस की विकणारा म्हणतो सीट 'गरम' आहेत, म्हणजे काडतुसं भरलेली. एल-३९ ची सीट जमिनीवरूनही सुटते, पण विमानाला ताशी १५० किलोमीटर तरी वेग हवा. उभ्या विमानात दोरी ओढलीस तर ती तुला मारेल. शिवाय काडतुसांना मुदत असते. मुदत संपलेली सीट असण्यापेक्षा ती जाणकाराकडून निकामी करून घेतलेली बरी, निदान तुला खरं काय ते माहीत असतं. प्रत्येक काडतुसावर बनवल्याची तारीख असते. हात लावू नकोस, विकणाऱ्याच्या मेकॅनिकला सीट सुटू नये म्हणून सुरक्षेची पिन लावायला सांग आणि त्याच्याकडून फोटो काढून घे. सोबत इंजिन लॉगबुकची सगळी पानं, कोरी असली तरी. कोरी पानं मला जास्त बघायची आहेत.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांना हे पत्र वाचायला दे.

तुझाच,
फिटर