तंबू ठोकण्याआधी तिथी पाहा

महोदय,

थंडी पडू लागली की मुंबई-पुण्याची कुटुंबं तंबू घेऊन दिवेआगर, गुहागर, कर्दे अशा किनाऱ्यांकडे निघतात. चांदण्याच्या हौसेनं बहुतेकांना पौर्णिमाच हवी असते. लहान मुलांना घेऊन वाळूवर झोपायला तिच्याइतकी अडचणीची रात्र नाही. उधाणाची भरती त्या दिवशी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरते. सगळे गाढ झोपेत असतात तेव्हा पाणी सर्वांत वर.

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अर्धा-पाऊण तास मागेपुढे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, मध्यरात्री ओहोटी, आणि भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती, असल्यानं पाणी फार चढतही नाही. अंधार पडण्याआधी पाणी कुठवर येतं ते समोरच दिसतं. मात्र दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे त्या ओल्या रेषेला चिकटून तंबू लावू नये. वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या मागे, सुरूच्या आडोशाला जागा धरावी. बन वन खात्याचं असेल तर आधी परवानगी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं रायगडच्या किनाऱ्यावर असंख्य झाडं मोडली, तेव्हा वर वाळक्या फांद्या लटकत नाहीत ना, हे पाहावं. माडाखाली तर अजिबात नको.

तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या वाळूत टिकत नाहीत. दुपारचे खारे वारे सुटले की पहिल्याच झटक्यात उपटून येतात. त्याऐवजी कापडी पिशवीत वाळू भरावी, तोंडाशी दोरी बांधावी आणि पिशवी दीड फूट खोल आडवी पुरून वर पायानं दाबावी. चार कोपऱ्यांना चार, वरच्या ताणदोऱ्यांना दोन. रात्री वारा जमिनीकडून येतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या दोऱ्या सारख्याच ताणाव्यात. दव भरपूर पडतं. वरचं आवरण आतल्या कापडाला टेकलं की तिथूनच ओल झिरपते.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर पाणी धरावं. किनाऱ्यालगतच्या विहिरी बऱ्याचदा मचूळ असतात. सुरूची वाळकी पानं पटकन पेट घेतात, म्हणून बनात शेकोटी नको आणि स्टोव्ह मोकळ्या वाळूवर. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री वाळूवर दिवे लावू नयेत, पिल्लं उजेडाकडे भरकटतात.

ग्रामपंचायती पर्यटकांकडून गाडीतळाचे पैसे घेतात. त्याच नाक्यावर एक फळा टांगून त्या दिवशीच्या दोन्ही भरत्यांच्या वेळा खडूनं लिहायला काय हरकत आहे? ओल्या वाळूत गाड्या रुतण्याचे प्रकारही त्यानं निम्मे कमी होतील.

– एक वाचक, दापोली