राऊच्या अंगणातल्या कोंबड्या

इंदूर, १० ऑगस्ट

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. इंदूरजवळच्या राऊतल्या तुझ्या घराच्या अंगणात कोंबड्या पाळायचं ठरवलंस, फार आनंद झाला. आता जात नीट निवड. झाबुआ इतकं जवळ असल्यावर जो तो तुला कडकनाथच घे म्हणेल. तो आपल्या भागाचा मान आहे, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पक्षी बुजरा, अंडी लहान आणि थोडी. मुलींच्या हातून दाणे खाईल, अंडी देईल आणि अंगावर मांसही धरेल अशी कोंबडी हवी असेल तर ऱ्होड आयलंड रेड आण. मूळ अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांनीच घडवलेली जात. जुन्या वळणाची मादी ३ किलोच्या आसपास भरते, नर पावणेचार-चार किलो. पिसांचा रंग गडद, काळपटाकडे झुकणारा तांबडा. याच नावाने फिक्या विटकरी रंगाचे पक्षी सर्रास विकतात; ते अंड्यांसाठी हलके केलेले वाण असतात आणि त्यांच्या नरांच्या अंगावर फारसं काही धरत नाही. म्हणून पिल्लांपेक्षा त्यांचे आईबाप बघायला माग.

सगळ्यात आधी नरांचं काय करायचं ते घरात बोलून घे. पिल्लं नर-मादी न निवडता मिळतात, म्हणजे निम्मे कोंबडे निघणार. सहा कोंबड्या हव्यात तर बारा-तेरा पिल्लं आणावी लागतील. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा माद्यांमागे एक पुरे. बाकीचे साडेचार-पाच महिन्यांत खाण्याजोगे होतात. त्यांना कापायचं की कुणाला द्यायचं, हे मुलींनी नावं ठेवायच्या आधी ठरलेलं बरं. आणि या जातीचा मायाळूपणा माद्यांचा आहे. वयात आलेला कोंबडा अंगावर धावू शकतो. तसा निघाला तर ठेवू नकोस, कारण तो स्वभाव पिल्लांतही उतरतो.

पिल्लं दसऱ्यानंतर आण. पाऊस सरलेला असतो, कडाक्याची थंडी येईपर्यंत त्यांना पिसं फुटतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागला की तलंगा, म्हणजे वयात येणाऱ्या कोवळ्या माद्या, अंड्यावर येतात. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंश हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. जुना तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब दीड फुटावर टांग. एलईडी ऊब देत नाही. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघ: दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर गारठली आहेत, कडेला पळून चोची उघडून बसली असतील तर भाजताहेत, सगळी एकाच कोपऱ्यात असतील तर कुठून तरी वारा येतोय. खाली नुसतं वर्तमानपत्र घालू नकोस. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि मग पिल्लू उभंच राहत नाही. पहिले तीन दिवस जुनी गोणपाटं, नंतर भाताचं तूस दोन-तीन इंच.

खुराड्यावर मात्र पैसा आणि वेळ खर्च कर. माळव्याची काळी माती पावसात चिखल होते आणि महिनाभर वाळत नाही. ओल्या जागेवर रक्ती हगवण ठरलेली. म्हणून दीड फूट उंच ओटा, त्यावर ६ बाय ४ फुटांचं खुराडं, पुढे ६ बाय १२ ची जाळीबंद धावपट्टी. षटकोनी कोंबडीजाळी घेऊ नकोस, ती फक्त कोंबडी आत ठेवते. मुंगूस आणि घूस बाहेर ठेवायला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच लागते, तीही जमिनीत फूटभर गाडलेली. बसायची फळी दोन फुटांवर, दोन-तीन इंच रुंद, कडा गोल केलेली. हा पक्षी जड आहे. उंचावरून उडी मारली की तळपायाला गळू होतं. अंड्यांची खोकी फळीपेक्षा खाली ठेव, नाहीतर रात्री त्यातच झोपतील आणि सकाळी अंडी घाणीत सापडतील. तुसाची मूठ आवळून बघ: हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर त्याच दिवशी बदल.

खाण्यात इंदूरची एक अडचण आहे. सोयाबीन दारात मिळतं म्हणून लोक कच्चंच भरडून घालतात. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, पिल्लं खुरटतात. भाजलेलं किंवा पेंडच चालते. उरलेले पोहे थोडे चालतील, पण शेव आणि जिरावण मसाला घातलेले अजिबात नकोत, मीठ बाधतं. पिल्लांना २० टक्के प्रथिनांचं स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं खाद्य, अंडी सुरू व्हायच्या सुमारास लेयर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य. ते आधी दिलंस तर त्यातलं कॅल्शियम मूत्रपिंडं बिघडवतं. मोठ्या पक्ष्याला रोज ११०-१२० ग्रॅम, म्हणजे सात पक्ष्यांना महिन्याला २५ किलो. पावसाळ्यात याहून जास्त भरून ठेवू नकोस. बुरशी आलेला मका दिसायला बरा वाटतो, पण यकृत खातो.

मे महिन्यात अंड्याची कवचं पातळ पडली तर घाबरू नकोस. धापा टाकताना कवचाला लागणारा कार्बन डायऑक्साइड श्वासातून निघून जातो. माठातलं पाणी सावलीत ठेव आणि खाणं पहाटे-संध्याकाळी दे.

लसीत चालढकल नको. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून, गंबोरो या पिल्लांच्या रोगाची दुसऱ्या आठवड्यात, चौथ्या आठवड्यात मानमोडीची पुन्हा, देवीची सहा-आठ आठवड्यांत पंखाला टोचून. कुपी शेकडो मात्रांची असते, उघडल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून शेजारच्या पाळणाऱ्यांबरोबर एकच दिवस ठरव. वेळापत्रक महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून तपासून घे.

गवंड्याला बोलावण्याआधी अंगणाचं माप आणि दुपारी तीनला सावली कुठे पडते ते कळव. ओट्याची दिशा त्यावरून ठरवू. वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद